एकाच ओळीचा कागद

मंगळवार, खंडेनवमी

दाक्षी गिरणीतून कागदांची चळत घेऊन आली. एका अंगाला काळं इंग्रजी, दुसरं अंग कोरं करकरीत, दोन्ही कडांना भोकं. रद्दीत टाकणार होते म्हणे. माझी शाळा दुसरीपर्यंत, ती पण कानडी. मराठी अक्षरं ह्या नातीनंच माझ्याकडून गिरवून घेतली. आज म्हणाली, "अज्जी, दिवसभर तोंड चालवतीस, त्यातलं थोडं कागदावर उतरव. शेजाऱ्यांना तेवढाच आराम." म्हणून लिहिते. शेजाऱ्यांच्या आरामासाठी नव्हे. तोंडानं सांगितलेलं लोक फिरवतात. कागदावरचं जिथल्या तिथं राहतं.

आज गिरणीत यंत्रांची पूजा. घरच्या माणसांनाही बोलावणं होतं. सूत काढायचे साचे, मोटारी, दुरुस्तीवाल्यांचे पाने-हातोडे, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. शेवटी कॉम्प्युटरची खोली. चपला बाहेर, आत माघातली थंडी. कामगारांची हजेरी आणि पगार आता हे यंत्र मांडणार. दाक्षी पुण्याला शिकून आली आणि ह्याच्यावर कामाला लागली. मॅनेजर मानसिंगराव दारातच हात आडवा करून उभे. "यंत्राला कुणी शिवायचं नाही. हार दाराला, नारळ पायरीवर." सण यंत्राचा आणि यंत्रालाच टिळा नाही. लग्न लावायचं आणि नवऱ्याला मांडवाबाहेर बसवायचं, त्यातली गत.

कोपऱ्यात कमरेएवढी पेटी होती. लोकांना दाखवायला झाकण उघडं ठेवलेलं. आत तव्यांवर तवे रचावेत तशा तबकड्या. दाक्षी सांगत होती, सगळ्यांची हजेरी ह्याच्यावर लिहिलेली राहते. एवढ्या माणसांचं पोट ज्याच्यावर, त्याचं कपाळ उघडं! लोक प्रसादाकडं वळले तशी मी कनवटीची विभूतीची वडी काढली, बोटं ओली केली आणि तीन पट्टे ओढले. झाकणाच्या आत कडेला बेलाच्या पानाएवढी काच होती, कपाळ म्हणून तीच बरी वाटली. कुणी बघितलं नाही. देवाचं काम बोंबलून करायचं नसतं.

प्रसादाला चिरमुरे. पेढा नाही. ही गिरणी काही खरी नाही.

शुक्रवार

दाक्षी तोंड पाडून आली. काखेत कागदाचा हा एवढा गठ्ठा, हाही रद्दीतला, मला लिहायला. उलगडला तर वरपासून खालपर्यंत एकच ओळ. मला इंग्रजी येत नाही, पण खालची ओळ वरच्यासारखीच आहे एवढं आंधळ्यालाही कळेल.

"काय लिवलंय गं?"

"डिस्क टू नॉट रेडी. दोन नंबरची तबकडी तयार न्हाई."

"मग एकदा सांगून गप बसायचं की! एवढं बोंबलायचं कशाला?"

तिनं समजावून सांगितलं. यंत्र आणि तबकडी यांच्यामध्ये एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. माणूस नव्हे, नुसता लिहून ठेवलेला हुकूम. तो तबकडीला विचारतो, तयार हायस का? ती नाही म्हणाली की यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरवर तक्रार बडवतो. लगेच परत विचारतो, परत बडवतो.

"म्हंजे आपल्या सोजरबाईगत," मी म्हटलं. सोजरबाई म्हणजे शेजारीण. तिला एक गोष्ट कळली की संध्याकाळपर्यंत पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाळीवेशीला कळते.

दाक्षी हसली नाही. म्हणाली, "लोक मला म्हणत्यात, एवढे बिघाड कसे? हजार ओळी आल्या म्हणून हजार बिघाड न्हवं, अज्जी. एकच असंल. तोच हजारदा सांगितला जातोय. त्याचं मूळ सापडाय पाहिजे."

मला पटलं नाही. उगाच कोण एवढा कागद काळा करेल? विनाकारण यंत्र बिघडत नाही आणि विनाकारण माणूस चांगलं वागत नाही. कुणीतरी काहीतरी केलं आहे.

पूजा झाल्याबरोबर बिघडलं हेही लक्षात ठेवलं आहे. त्या दिवशी आत लई माणसं शिरली होती. कोण कसल्या हातानं शिरलं, काय सांगावं.

रविवार

धाकटा मुलगा, दाक्षीचा बाप, गेल्यावर दाक्षी आणि मी, दोघींचंच घर. थोरला बसप्पा दुधनीला. आज एसटीनं आला, येताना भुईमुगाच्या शेंगा आणि एक स्थळ घेऊन. चनबसप्पा म्हणून तिथला तेलगिरणीवाला, पहिली बायको वारली. दोन पोरं. बसप्पा म्हणतो, "दिवाळीपर्यंत तिची नोकरी पक्की झाली तर मी काय बोलत न्हाई. न्हाई झाली तर उरकून टाकू. आणि अव्वा, तू दुधनीला आमच्यात राहायला ये."

आमच्यात म्हणजे त्याच्या बायकोच्या, शिवम्माच्या हाताखाली. शिवम्मा भाकरी वाढते ती पोलीस समन्स देतो तशी. मी तिच्या दारात जाण्यापेक्षा सिद्धेश्वराच्या तळ्यावर गळ टाकून बसेन.

 नंतर शेंगा सोलताना दाक्षी म्हणाली, "साहेब म्हणालेत, दिवाळीच्या बोनसचा हिशोब यंत्रानं नीट काढला तर पक्की. न्हाईतर यंत्र परत आणि मी घरी." शेंगेबरोबर टरफलही तोंडात टाकलं तिनं. ध्यान नव्हतं.

म्हणजे दुश्मन शोधणं आता माझ्याकडं आलं.

मंगळवार

दाक्षीचा डबा घेऊन रोज जाते. फाटकावर बिरप्पा वॉचमन असतो, त्याला तंबाखूची चिमूट दिली की तोंड सुटतं. त्याच्याकडून कळलं की कुंडलिक रोज सगळ्यांच्या आधी येतो आणि बादली घेऊन त्या खोलीत जातो.

हा कुंडलिक दाक्षीच्याच खोलीत कामाला. आधी हजेरीचा कारकून. यंत्र आलं तसं त्याचं जुनं टेबल गेलं, मग त्यालाही शिकवून आत घेतलं. मंगळवेढ्याकडचा. दिसायला गरीब गाय. गरीब गाईच लाथ मारतात, मी तीन पाळल्या आहेत.

ज्याचं टेबल यंत्रानं खाल्लं तो बादली घेऊन यंत्रापाशी काय करतो? विजेचं यंत्र आणि पाणी! कॅन्टीनमध्ये चहा करणाऱ्या मथुराबाईपाशी सहज म्हटलं, "यंत्रात पाणी घालत असंल तर कुणाला कळतंय?" एवढंच. तिच्यापाशीच बोलले, ती काही बोलणारी बाई नाही.

दाक्षीला विचारलं तर म्हणाली, "अगं, धूळ बसू नये म्हणून तो फरशी पुसतो. ते त्याचंच काम हाय."

पोरगी शिकली, पण भाबडी राहिली.

गुरुवार

खरं बाहेर पडलंच! नळावर सोजरबाई माझी घागर बाजूला सारून सांगत होती, "नागम्मा, ऐकलं का? तुझ्या दाक्षीच्या मशीनमदी त्या कुंडलिकानं पाणी वतलं!" मी मुद्दाम काही माहीत नसल्यासारखं केलं. म्हटलं, "असं?" तर म्हणे, गिरणीतली सगळी बोलत्यात.

दुपारी फाटकावर बिरप्पा तेच म्हणाला. परत येताना भाजीवालीनंही. एकीकडून आलं असतं तर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. इतकी तोंडं एक सांगतात म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी बघितलंच असणार.

मी किती आधी ओळखलं होतं बघा.

शुक्रवार

बंगळूरहून कंपनीचा इंजिनीअर आला. विरुपाक्ष नाव. तरणा, चष्मा, बुटाला पॉलिश. दाक्षीनं आज केसात अबोली घातली होती. इंजिनीअरला अबोलीचं काय? मी डबा घेऊन गेले तेव्हा दोघं कॅन्टीनमध्ये एका टेबलाशी, मध्ये कागद पसरलेला, डोक्याला डोकं लागायचं बाकी. मी जाऊन मधल्या खुर्चीत बसले. त्याच्यापुढं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सारली आणि कानडीतच विचारलं, "कुणाचा रे तू?"

"कंपनीचा, अज्जी."

"कंपनीला आई असते काय? घराणं विचारते मी. मठ कुठला?"

"आमच्या घरात मठ आईच बघते. मी मशीन बघतो."

"लग्न?"

"मशीन दुरुस्त झालं की विचार करीन." भाकरी मोडताना तो दाक्षीकडं बघून हसला. दाक्षी कागदात बघत होती. कानाच्या पाळ्या लाल.

लिंगायत दिसतो, गळ्यातल्या लिंगाचा दोरा शर्टाच्या आत दिसला. तरी भरवसा नाही. दोरा बाजारात मिळतो.

शनिवार

यंत्र गप झालं. टाइपरायटर बसून आहे. मानसिंगराव विरुपाक्षाच्या पाठीवर थापा मारतात. सगळी खूष, एक दाक्षी सोडून. घरी आली ती भांडी आपटत.

"आता काय झालं? बोंबलणं थांबलं की."

"त्यानं ड्रायव्हर बदलला. आता तबकडी न्हाई म्हणली की एकदाच लिहायचं आणि पुढं मुकाट्यानं विचारत राहायचं. थोडा वेळ विचारून सोडून द्यायचं. मी म्हटलं, ती न्हाई का म्हणती ते तर बघा! तर म्हणतो, आधी कागद वाचवू, कारण नंतर शोधू. उद्या बंगळूरला निघालाय."

"अबोली वाया गेली म्हण."

"अज्जी!"

पण मलाही हे बरं वाटत नाही. शिवम्मा बडबडत असते तोवर घरात सगळं ठीक असतं. गप झाली की समजावं, डाळीचा डबा रिकामा झाला किंवा नणंदेचं पत्र जाळलं. खोकणाऱ्याचं तोंड बांधलं म्हणून खोकला जातो काय?

विरुपाक्षावरही लक्ष ठेवायला पाहिजे. यंत्र बिघडलं तरच त्याचं येणं-जाणं. ते नीट होण्यात त्याचा काय फायदा?

सोमवार

घात झाला. बोनसचा हिशोब निघाला आणि त्यात वाइंडिंग खात्यातल्या बायकाच नाहीत. सुताचे कोन भरणाऱ्या सगळ्या बाया, वर्षभर उभ्या राहून पाय सुजलेल्या, यंत्राच्या लेखी गैरहजर. त्यांची हजेरी लिहायच्या वेळी तबकडी तयार नव्हती. ड्रायव्हरनं मुकाट्यानं विचारलं, मुकाट्यानं सोडून दिलं.

बाया मानसिंगरावांच्या खोलीपुढं जाऊन बसल्या. त्यांचा आवाज फाटकापर्यंत येत होता. मानसिंगराव घामाघूम. त्यांना माणूस पाहिजे होता, आणि माणूस तर सगळ्या गिरणीला आधीच माहीत होता. कुंडलिकाला तिथल्या तिथं घरी बसवलं. चौकशी होईल, मग काढून टाकतील. बिरप्पा सांगत होता, त्याला बाहेर काढताना कुणीतरी रिकामी बादली पायानं त्याच्यापुढं सरकवली.

मी डबा दिला आणि आले. गुन्हेगार सापडला, पोरीची नोकरी वाचली. तर पोरगी घरी येऊन म्हणते, "त्यानं काही केलेलं न्हाई."

"सगळं गाव सांगतंय!"

"गाव माझ्या खोलीत कामाला न्हाई."

जेवली नाही. चटणी तशीच राहिली.

बुधवार

तार केल्यावर विरुपाक्ष परत आला. दाक्षीनं त्याच्याकडून ड्रायव्हर पहिल्यासारखा करून घेतला, बोंबलणारा. आणि दिवसभर यंत्रासमोर खुर्ची टाकून बसली. ओळी आल्या की उठून बघायची, त्या वेळी खोलीत काय चाललं आहे. तिला दिसलं की गारव्याचं यंत्र चालू झालं की फरशी थरथरते, आणि तेव्हाच ओळी सुरू होतात. ते थांबलं की ह्याही थांबतात. मग तबकडीची पेटी उघडून एकेक गोष्ट बघितली.

हे सगळं तिनं मला पायरीवर बसून सांगितलं, आत न येता. मग विचारलं, "अज्जी, तुझी विभूतीची वडी कुटं हाय?"

"देवापाशी. का?"

"झाकणात एक काच असते. तिच्यातून उजेड पलीकडं गेला तर यंत्राला कळतं, झाकण नीट लागलंय, तबकडी तयार हाय. त्या काचेवर तीन पट्टे होते. वाळून पापुद्रा झालेला. थरथर झाली की पापुद्रा हलायचा. उजेड कधी जायचा, कधी अडायचा."

मी म्हटलं, "गिरणीत लिंगायत काय मी एकटीच हाय?"

"पट्ट्यांत मधलं बोट तोकडं होतं."

माझं मधलं बोट खलबत्त्यात गेलं तेव्हापासून तोकडंच आहे. मी हात पदराखाली घेतला. उगाच.

"पुसलंस का?"

"पुसलं. तेव्हापासून एक ओळ आली न्हाई."

"मग झालं की! कुणाला कळलं?"

"विरुपाक्षाला. तो म्हणतो, अहवालात नुसती धूळ लिहू. पण धूळ पुसायचं काम कुंडलिकाचं. धूळ लिहिलं की तो बाहेर. मी विभूती लिहिणार हाय. कुणी लावली तेबी."

"म्हंजे नोकरी गेली तुझी! चनबसप्पाची दोन पोरं धुवायला जा मग. आणि मी शिवम्माच्या दारात! त्याच्यासाठी? तरणाबांड हाय, दुसरीकडं लागंल. आणि विभूतीनं बिघडलं आसंल थोडं, पण पाणी त्यानं वतलंच की. दहा जणांनी बघितलंय."

दाक्षी उठली. "एकाचं नाव आण. ज्यानं डोळ्यानं बघितलं त्याचं एक नाव आण, मी अहवाल फाडते."

आणते म्हटलं. त्यात काय अवघड आहे?

गुरुवार

सकाळीच सोजरबाईला गाठलं. "तू बघितलंस काय पाणी वतताना?"

"मी कशाला जाऊ गिरणीत? भाजीवालीनं सांगितलं."

भाजीवाली म्हणाली, तिला बिरप्पानं सांगितलं. बरोबर आहे, तो फाटकावर असतो, त्यानं बघितलं असणार. फाटकावर गेले. बिरप्पा म्हणाला, "मी बादली बघितली. पाणी वतताना न्हाई बघितलं. वतलं म्हणून कॅन्टीनमदी बोलत होते की. तुमची शप्पथ."

"माझी कशाला घेतोस? तुझ्या बायकोची घे. कॅन्टीनमदी कोण?"

"मथुराबाई."

ऊन चढलं होतं. कॅन्टीनमध्ये मथुराबाई कपबश्या विसळत होती. तिला विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. पुढच्या टेबलावर वाइंडिंगच्या दोघी-तिघी बसल्या होत्या, त्याही बघायला लागल्या.

"असं काय करताय वो अज्जी? तुमीच की! डबा घेऊन आल्ता त्या दिशी, हितंच हुब्या होता. यंत्रात पाणी घालत आसंल म्हणला."

"आसंल म्हटलं. घातलं म्हटलं न्हाई."

"तेवढं कोण ध्यानात ठेवतंय?"

तिनं चहा पुढं केला. मी घेतला. गोड होता की फिका, आठवत नाही.

घरी येऊन हा सगळा गठ्ठा उलटा केला. इतके दिवस मागच्या अंगाला लिहीत होते, पुढचं अंग बघतच नव्हते. ओळीखाली तीच ओळ, ओळीखाली तीच ओळ.

शुक्रवार, वसुबारस

मानसिंगरावांच्या खोलीत गेले. दाक्षीला सांगितलं नाही. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. म्हटलं, मी पण कामातच आहे.

"साहेब, विभूती मी लावली."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा टाळू लाल झाली. "आजीबाई, यंत्राला शिवायचं नाही असं मी दारात उभा राहून सांगितलं होतं!"

"सांगितलं होतं. पण पूजेला बोलवायचं आणि पूजा करू द्यायची न्हाई, हे कुठलं? तुमच्या यंत्राला विभूती सोसत न्हाई तर सणाला कुलूप घाला. ते ऱ्हाऊ द्या. दुसरं सांगायचं हाय. कुंडलिकानं पाणी वतलं न्हाई. ती आवई बी माझीच."

"अहो, मला स्वतःला चार जणांनी येऊन सांगितलं!"

"चौघांना इचारा कुणी सांगितलं. फिरत फिरत माझ्या दारात येतंय का न्हाई बघा. मी काल पायानं फिरून आले."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "दाक्षायणीला पक्कं करायचा कागद सहीला ठेवलाय. आता तो वर पाठवू कसा? तिच्या घरच्या माणसानं यंत्र बिघडवलं."

"तिच्या घरच्या माणसानं बिघडवलं, तिनं सापडवलं. तुमच्या बंगळूरवाल्यानं तर त्याचं तोंड बांधलं होतं."

 मी उठले. दारात आठवलं म्हणून सांगून टाकलं की पुढच्या वर्षी प्रसादाला पेढे ठेवा.

 

रविवार

बोनस वाटला. हजेरी भोकं पाडून नोंदलेली कार्डं दाक्षीनं परत यंत्रात घातली, वाइंडिंगच्या सगळ्या बाया हिशोबात आल्या. कुंडलिकाला कामावर घेतलं. दाक्षीची नोकरी गेली नाही आणि पक्कीही झाली नाही. आणखी सहा महिने बघू म्हणाले. खोलीच्या दारावर पाटी लागली आहे: "आत विभूती, अंगारा, हळद, कुंकू नेऊ नये." दाक्षी म्हणते, अज्जी, तुझ्या नावानं गिरणीत पाटी लागली, आता तू चेअरमनच्या बरोबरीची.

बसप्पाला कळवलं की सहा महिने चनबसप्पाला कळ काढायला सांग. विरुपाक्ष गेला. जाताना शेंगाची चटणी मागून नेली, आईला पाहिजे म्हणे. आईला पाहिजे! संशय आहे. तरी डबाभर दिली.

डबा घेऊन गेले तेव्हा कुंडलिक समोरून आला. मी म्हणणार होते काहीतरी. त्यानंच हात जोडले, "बरं हाय का, अज्जी?" म्हटलं, बरं हाय. तेवढ्यात मागून दोन पोरं गेली, त्यातलं एक ओरडलं, "कुंडल्या, बादली विसरलास की रं!" त्यानं मान वळवली नाही. सवय झाली असावी. मी त्या पोराला गाठून चांगलं झाडलं. ते म्हणालं, आमी चेष्टा करतोय अज्जी, तुमाला काय करायचंय?

यंत्रातली ओळ एका फडक्यानं पुसली गेली.

तुळशीची लग्नं होऊन गेल्यावर, वार विसरले

हा शेवटचा कागद. दाक्षी म्हणते आता रद्दी निघत नाही, यंत्र कामापुरतंच बोलतं.

मी घागर घेऊन रोज नळावर जाते, पाणी भरायचं नसलं तरी. सोजरबाईला सांगून टाकलं आहे, मथुराबाईला सांगितलं, बिरप्पाला, भाजीवालीला. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून, विभूतीसकट. ऐकून घेतात. हसतात. पण पुढं कुणी सांगत नाही. मी वाट बघते की हे फिरून माझ्याकडं येईल, जसं ते पाण्याचं आलं होतं. येत नाही. त्यात पाणी नाही, दुश्मन नाही, एक म्हातारी आणि तीन पट्टे. कोण सांगेल?

आज नळावर नवीन सून उभी होती, अक्कलकोटकडची. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, हातातला चुडा नवाकोरा. मला ओळखत नव्हती. घागर भरता भरता म्हणाली, "अज्जी, तुमाला म्हाईत हाय का? हितल्या गिरणीत एका माणसानं मशीनमदी पाणी वतलं. मशीन जळून खाक झालं. दोन बाया मेल्या म्हणं."

मी तिची घागर नळाखालून काढली, माझी लावली नाही, नळ बंद केला.

"तुला कुणी सांगितलं?"

ती घाबरली. सासूचं नाव घेतलं. म्हटलं, चल, घर दाखव.